साडूचा डबा

हे तुम्हाला पटणार नाही. पटलं तर मलाच वाईट वाटेल, कारण आजवर मी सांगितलेल्या ज्या गोष्टी लोकांना पटल्या त्या सगळ्या रचलेल्या होत्या. ही तेवढी खरी आहे. इतकी खरी, की मी साक्षीदार सोबत ठेवलाय. तो बघा, दाराशी उलट्या बादलीवर बसून दोराचा गुंता सोडवतोय तो. माझा साडू. त्याच्या घरात थोरली, माझ्या घरात तिची धाकटी बहीण. साडू म्हणजे काय, हे ज्यांची लग्नं व्हायचीत त्यांना सांगून ठेवतो: एकाच विहिरीत वेगवेगळ्या दिवशी पडलेली दोन माणसं. या माणसाला खोटं बोलता येत नाही. जन्माचं व्यंग आहे, इलाज नाही. तेव्हा गोष्ट मी सांगतो. खरं असेल तिथं तो मान हलवेल.

"आणि खोटं असेल तिथं?" लिफ्टवाल्यानं विचारलं. नुकताच कामाला लागलेला, त्यामुळं सगळ्याच गोष्टींचा तळ गाठायची हौस.

"तिथं तो दोराकडे बघत बसेल. पण ती वेळ यायची नाही."

बाहेर वारा सुटला होता. उंचावर काचा पुसणाऱ्यांचा खरा मालक वारा. तो ओरडला की सगळे खाली. खाली म्हणजे तळघरातली ही खोली. खुंट्यांना टांगलेले कमरेचे पट्टे, कोपऱ्यात वायपरचे दांडे, साबणाचे कॅन आणि कधीच न वाळणाऱ्या फडक्यांचा वास. शेजारच्या इमारतीवरचे दोघे काचवालेही त्या दिवशी आमच्याकडे आसऱ्याला आले होते. दोघे नवे, दोघे बारीक, दोघे तोंड उघडं टाकून ऐकणारे. असे कान फुकट घालवू नयेत. चहावाली मावशी किटली घेऊन फिरत होती. सगळ्यांना कप भरून, साडूला अर्धाच आणि बिनसाखरेचा. तिला ते सांगावं लागत नाही.

तर याला आम्ही म्हणतो टाकी. पहिल्याच दिवशी हा छतावर उभा होता, खालून मालकानं बघितलं आणि मुकादमाला विचारलं, "पाण्याची दुसरी टाकी कधी बसवली?" तेव्हापासून टाकी. आणि मला म्हणतात काडी.

त्या दोन नव्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं, मग एकमेकांकडे.

"हसा," म्हटलं, "हसून घ्या. काडी म्हणावं असा मी होतो एकेकाळी. वायपर हातात धरला की मालकाला दोन वायपर दिसायचे. ते पोट कुठून आलं, तीच गोष्ट आहे."

टाकीनं मान हलवली.

आम्ही दोघं काचांसमोर दोरानं वरखाली होणाऱ्या एकाच पाळण्यात. त्या वेळचा आमचा पाळणा जुना होता, मधल्या एकाच कड्याला टांगलेला, हुबेहूब तराजू. एका टोकाला हा, दुसऱ्या टोकाला मी. आता तुम्हीच सांगा काय होणार? पहिल्यांदा पाळणा उचलला तेव्हा मी सरळ दोन मजले वर गेलो आणि हा जमिनीवरच. मग मुकादमानं तोड काढली. माझ्या टोकाला पाण्याच्या दोन्ही बादल्या, साबणाचा कॅन आणि वर विटांची एक चळत. तेवढं ठेवलं की पाळणा सरळ. कितीतरी वर्षं मी विटांना टेकून काचा पुसल्या. माझ्या आयुष्यात मला एवढा भक्कम आधार दुसरा कुणी दिला नाही.

मग आले सुरक्षावाले साहेब. त्यांनी पाळणा बघितला, विटा बघितल्या, टाकीला बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढून पुसली. म्हणाले, "हिवाळा संपला की नवा पाळणा येतोय. त्याला दोन्ही टोकांना दोर आहेत, आणि पोटात वजनाचा काटा आहे. दोन माणसं, दोन बादल्या, बस. त्यावर रतीभर झालं की घंटा वाजते, आणि घंटा वाजली की तो जमीन सोडत नाही."

"विटा काढू," मी म्हटलं.

"विटा तर निघतीलच," साहेब म्हणाले. ते टाकीकडे बघत नव्हते, त्यावरून कळलं की बोलणं त्याच्याबद्दलच आहे. "विटा काढूनही जास्तच होतंय. यांना जरा कमी व्हावं लागेल. नाही तर मग खाली शेपूट धरायला एक माणूस लागतोच."

शेपूट म्हणजे काय, हे या दोघांना ठाऊक आहे, लिफ्टवाल्याला सांगतो. पाळण्याच्या बुडाला एक लांब दोर असतो. वर पाळणा वाऱ्यानं हेलकावू नये म्हणून खाली एक माणूस तो दोर ताणून उभा असतो. दिवसभर. मान वर करून. जाणारे येणारे त्याला वळसा घालून जातात. ते शेपूट.

साहेब गेल्यावर हा पुन्हा काचा पुसायला लागला. दुपारी डबा उघडला, बघितला, बंद केला.

दुसऱ्या दिवशी मी याला आहारवाल्या बाईंकडे घेऊन गेलो. छोटासा दवाखाना, भिंतीवर फळांची चित्रं, आणि जमिनीवर काटा. बाई चांगल्या होत्या. त्यांनी विचारलं, "दिवसाला किती खाता?"

"भूक लागेल तेवढं," हा म्हणाला.

"आणि भूक किती लागते?"

"थांबत नाही तोवर."

बाईंनी कॅलरीबद्दल सांगितलं. मला एवढंच समजलं की कॅलरी दिसत नाही, तिला वास नाही, वजन नाही, तरी अंगात शिरते आणि मग निघायचं नाव घेत नाही. भुतासारखंच प्रकरण, फक्त भूत काढणारा एकदाच पैसे घेतो. बाई म्हणाल्या, "रोजच्या निम्म्यावर या. अर्धा पाव, वाटीभर भात, एक उकडलेलं अंडं, उकडलेली भाजी. आणि काकडी हवी तेवढी."

"हवी तेवढी?" याचे डोळे जरा चमकले.

"हवी तेवढी."

"बाई," मी म्हटलं, "काकडी हवी आहे असा माणूस तुम्ही कधी बघितलाय?"

त्या हसल्या नाहीत. अशा लोकांना हसण्याचंही मोजमाप असावं.

पहिला आठवडा विचारू नका. याचं डोकं दुखायचं, आणि हा, जो मुंगीलाही बाजूला हो म्हणत नाही, तो काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडायला लागला. म्हणायचा, "हा माझ्याकडे बघतोय." पोटात कावळे ओरडतात असं आपण सहज म्हणतो. याच्या पोटात ते असे ओरडायचे की छतावरचे खरे कावळे पाळण्याच्या कठड्यावर येऊन बसायचे. नातेवाईक कुठं अडकलेत ते बघायला. एक म्हातारा कावळा तर याच्या पोटाशी कान लावून बराच वेळ बसला आणि मान हलवत उडून गेला. केस हाताबाहेर गेल्यावर डॉक्टर जातो तसा.

"हे जरा जास्त होतंय," लिफ्टवाला म्हणाला, आणि सगळ्यांनी टाकीकडे बघितलं.

"कावळे यायचे," टाकी म्हणाला. मान हलवली.

बघितलंत? आता पुढचं ऐका. या इमारतीत अकराव्या मजल्यावर स्वयंपाक शिकवण्याची शाळा आहे. आज पावांचा धडा, उद्या मासे, परवा केक. काच पुसल्यावाचून सुटका नाही, आणि पुसली की आतलं आणखी स्वच्छ दिसतं. हा बाहेर वायपर फिरवतोय आणि काचेपलीकडे लोणी वितळतंय. कितीदा तरी हा एकाच काचेचा तुकडा पुसत राहायचा आणि मला ओढून खाली न्यावं लागायचं. काही दिवसांनी त्या शाळेच्या मास्तरांनी भट्टीला घड्याळ लावायचंच बंद केलं. ते काचेकडे बघायचे. याच्या गळ्याची घाटी हलली की म्हणायचे, "काढा, झालं." एकदाही करपलं नाही म्हणे.

नव्यांपैकी एकजण खोकला. टाकी दोराकडे बघत होता, पण ओठ जरासे हलले होते. ते मी मानेत धरलं.

हळूहळू याला सवय झाली. घास तोंडात टाकायचा तो एका मजल्यावर, आणि गिळायचा तो खालच्या मजल्यावर पोचल्यावर. अंड्याचे इतके पातळ काप करायचा की त्यातून पलीकडचं दिसावं. काकडी खाताना डोळे मिटायचा. म्हणायचा, डोळे मिटले की कशाचीही चव देता येते. भूक गेली होती असं नाही. ती बोलायची थांबली होती. घरात कुणी विचारेनासं झालेलं म्हातारं माणूस कोपऱ्यात बसतं ना, तशी ती आत बसून होती.

आणि इथं डबा आला.

डबा थोरली भरायची. थोरलीला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. का नाही, तेही सांगतो, कारण तिथं कुणी तिला हसू नये. तिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, शेवटच्या आजारात आधी पाव सोडला, मग भात, मग पाणी. ताट सरकवायचे आणि म्हणायचे, भूक नाही. तेव्हापासून तिच्या घरात कुणी ताट सरकवलं की ती स्वतःचं ताटही झाकून ठेवते. तर हा तिला कसं सांगणार की मी निम्मंच खाणार? म्हणून यानं युक्ती काढली. संध्याकाळी घरी म्हणायचं, डबाच एवढा भरपूर होता, आता थोडंच वाढ. आणि पुरावा म्हणून डबा रिकामा न्यायचा. चाटूनपुसून.

आता डबा रिकामा कोण करणार?

अन्न टाकायचं नाही, एवढं आम्हा दोघांनाही आमच्या आयांनी मारूनमुटकून शिकवलेलं. एकदा म्हटलं, कावळ्यांना घालू. घातलं. थोरलीच्या हातचा बटाटा, लोण्यात परतलेला भात आणि वर मासा. खाऊन कावळ्यांना उडता येईना. सगळे जिन्यानं उतरले. वॉचमननं विचारलं, कुठल्या मजल्यावरून?

तेव्हा उरलो मी. माझं अंग कसलं, तर वाऱ्यात दांडीवरच्या सदऱ्याचं. मला काय होणार? आधी माझा डबा, मग याचा. हा समोर बसून काकडीचा काप चावायचा आणि मला विचारायचा, "बटाटा कसा झालाय?"

"ठीक."

"नीट सांग."

"वरून कुरकुरीत, आत मऊ. मीठ जरा पुढं आहे."

"ती घाईत असली की मीठ पुढं जातं," हा म्हणायचा, आणि पुन्हा काकडी.

हे बोलताना मी टाकीकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

आता विटांचं ऐका, कारण सगळी मेख तिथं आहे. थोड्या दिवसांनी पाळणा माझ्या बाजूला कलायला लागला. जराच, पण कलला. हा हळकुंडासारखा पिवळा पडला. म्हणाला, "काडी, कडं सैल झालंय." मी म्हटलं, "कडं नाही रे. तू हलका झालास." मग आम्ही माझ्या बाजूची एक वीट काढली, आणि पाळणा सरळ झाला. त्या दिवशी हा जो हसला, तसा मी याला माझ्या लग्नातही हसताना बघितला नव्हता. आणि माझ्या लग्नात हा फार हसला होता, कारण विहिरीत आता एकटा नव्हता.

काही दिवसांनी दुसरी वीट निघाली. मग तिसरी. काटा बाईंकडे होता, पण आमचा विश्वास विटांवर. काढलेली प्रत्येक वीट हा छतावर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला नेऊन ठेवायचा, एकावर एक, आणि दुपारी तिच्यावर बसून काकडी खायचा. माणूस आपल्या वजनावर बसून जेवतोय, असं दुसरीकडे कुठं दिसलं तर मला कळवा.

मी एकदा विचारलं. सातव्या-आठव्या मजल्याच्या मध्ये होतो, खाली रस्त्यावर छत्र्या सरकत होत्या. म्हटलं, "साडू, एवढं काय अडलंय? उद्या खाली शेपूट धरलंस तरी काम तेच, मालक तोच. वर थंडी तरी कमी लागेल."

यानं वायपर थांबवला. "बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहते," म्हणाला. "लोक उभे राहतात पण बसत नाहीत. दुकानात शिरलो की दुकानदार आधी खुर्ची आत सरकवतो. लिफ्टमध्ये पाय ठेवला की आतले एकमेकांकडे बघतात. खाली सगळे मला बघतात, काडी. इथं वर असलो, की खालून मी केवढा दिसतो?"

"मुंगीएवढा."

"आणि तू?"

"मीही मुंगीएवढाच."

"मग," हा म्हणाला, आणि काच पुसायला लागला.

मावशीनं कुणालाही न विचारता माझ्या कपात चहा घातला. लिफ्टवाला आपल्या बोटांकडे बघत होता.

बाईंकडे मधूनमधून जायचो. आधी काटा उतरला, मग उतरायचा थांबला. बाई म्हणाल्या, "काळजी करू नका. शरीर हुशार असतं. कमी मिळायला लागलं की तेही कमी खर्चात भागवतं. त्याला सवय होते."

"मग आता काय करायचं?" यानं विचारलं.

"आता आणखी थोडं कमी."

"आणि मग?"

"मग त्याचीही सवय होईल," बाई म्हणाल्या, आणि बोलून गेल्यावर त्यांनाच ते ऐकू आलं असावं, कारण त्यांनी खिडकी उघडली आणि पुन्हा लावली.

मला राहवेना. म्हटलं, "बाई, काटा बिघडलाय तुमचा. आमच्या विटा अजून उतरताहेत."

"कसल्या विटा?"

यानं माझी बाही धरून मला बाहेर काढलं. बाहेर आल्यावर म्हणाला, "त्यांना नको सांगूस. काटा नवा घ्यावा लागेल बिचाऱ्यांना." आणि खरंच, पुढच्याच आठवड्यात आणखी एक वीट निघाली. बाईंचा काटा जागचा हलत नव्हता आणि पाळणा म्हणत होता, शाब्बास. तुम्ही कुणाचं ऐकलं असतं?

घरी थोरलीच्या लक्षात आलंच. नवरा वाळतोय आणि डबा तर लख्ख रिकामा. ती माझ्या बायकोला म्हणाली, "खातात सगळं, पण अंगाला लागत नाही गं. कामाचा ताण असणार." आणि तिनं डबा वाढवला. तीन कप्प्यांचा होता तो चार कप्प्यांचा झाला. वरच्या कप्प्यात गोड. हा जितका वाळायचा तितका डबा उंच व्हायचा, आणि डबा जितका उंच व्हायचा तितकी माझी दुपार लांब व्हायची. माझा कमरेचा पट्टा आखडायला लागला. मी म्हटलं, पावसात भिजून चामडं आटलं असेल. पट्टा नायलॉनचा होता. माझी बायको म्हणाली, "घरी तर हल्ली नीट जेवत नाही तुम्ही, मग विजारी कशा उसवतात?" मी म्हटलं, शिंपी दोरा कच्चा वापरतो.

"तुमचं वजन कुणी केलं नाही?" नव्यांपैकी एकानं विचारलं. पोरगं हुशार निघालं, फार दिवस टिकायचं नाही या धंद्यात.

"काडीचं वजन कुणी करतं का?" मी म्हटलं.

हिवाळा सरता सरता शेवटची वीट निघाली. माझ्या टोकाला उरल्या फक्त बादल्या आणि कॅन, आणि पाळणा सरळ, थेंबभर इकडे नाही की तिकडे नाही. यानं ती वीट उचलली, बाहीनं पुसली आणि छतावर न नेता पिशवीत घालून घरी नेली. थोरलीनं विचारलं, हे काय? तर म्हणाला, बक्षीस मिळालंय.

टाकीनं मान हलवली. जरा जास्तच वेळ हलवली.

मग नवा पाळणा आला. चकचकीत, दोन्ही टोकांना पोलादी दोर, कठड्याला काचेचा छोटा चौकोन, त्यात आकडा दिसायचा. साहेब आले, मुकादम आला, मालक गाडीतून न उतरता काच खाली करून बघत राहिला. हा दाढी करून आलेला. धुतलेला सदरा, तोही जुनाच, आता खांद्यावरून लोंबणारा. सकाळपासून पाणीही प्यायला नव्हता; म्हणे, पाण्यालाही वजन असतं. आम्ही दोघं पाळण्यात चढलो. हा त्याच्या टोकाला, मी माझ्या. दोन बादल्या ठेवल्या. मुकादमानं कळ दाबली.

घंटा वाजली.

लिफ्टवाल्यानं कप खाली ठेवला.

मुकादमाला वाटलं बटण चुकलं, त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा घंटा. एक बादली काढून बघितली. घंटा. साहेब वाकून आकडा वाचायला लागले, आणि मग आमच्याकडे बघून म्हणाले, "हिवाळ्याआधी मी अंदाज केला होता, तेवढाच आहे. तुम्ही केलंत काय इतके दिवस?"

मी म्हटलं, "साहेब, सगळ्या विटा निघाल्या की. पाळणा सरळ होता."

"सरळ असेल," साहेब म्हणाले. "त्यानं काय होतं? तराजू सरळ झाला म्हणजे दोन्ही पारडी सारखी झाली. हलकी झाली असं थोडंच आहे?"

तेव्हा टाकीनं माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्या पोटाकडे. इतके महिने आम्ही समोरासमोर काचा पुसत होतो, पण ते त्याला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. त्याच्या अंगातून जे उतरलं होतं ते कुठं रस्त्यावर सांडलं नव्हतं. रोज दुपारी, त्याच्या डब्यातून, बटाटा बटाटा करत ते माझ्यात येऊन बसलं होतं. पाळण्याच्या दृष्टीनं काहीच झालेलं नव्हतं. फक्त बिऱ्हाड बदललं होतं.

घंटा वाजत होती. साहेब म्हणाले, "कुणीतरी एकानं उतरा बघू." कुणीतरी म्हणाले, पण बघितलं कुणाकडे ते तुम्हाला सांगायला नको. सवयीनं सगळे ज्याच्याकडे बघतात त्याच्याकडेच.

इथं मी थांबलो आणि चहा प्यायलो. गार झाला होता. बाहेर वारा दाराची कडी वाजवत होता.

"मग?" नव्यांपैकी लहान होता त्यानं विचारलं. "उतरले का हे?"

दोघांचेही चेहरे माझ्याकडे, आणि चेहऱ्यावर असं काही, की माझ्या जिभेनं माझी वाट बघितली नाही.

"उतरतोय कसला," मी म्हटलं. "ऐका तर. यानं कठडा घट्ट धरला, डोळे मिटले आणि सुस्कारा सोडला. इतक्या महिन्यांचा गिळलेला. त्या सुस्काऱ्यानं मुकादमाची टोपी उडाली, मालकाच्या गाडीची काच आपोआप वर गेली. आकडा जरा उतरला. जराच. आणि तेवढ्यात छतावरून काय आवाज आला, तर कावळे. तेच, जिन्यानं उतरलेले. थोरलीच्या हातचं खाऊन एकेकाच्या पंखात बैलाचं बळ आलेलं. सगळे एकदम पाळण्यावर उतरले, कुणी दोर धरला, कुणी कठडा, एकानं तर याची कॉलर. आणि फडफड अशी, की घंटा ऐकू येईना."

मावशी किटलीचं झाकण उघडून आत बघायला लागली. किटली रिकामी होती.

"घंटा बंद झाली," मी जरा मोठ्यानं म्हटलं. "पाळण्यानं जमीन सोडली. पहिला मजला, दुसरा, पाचवा. अकराव्या मजल्यावर शाळेच्या मास्तरांनी भट्टी तशीच टाकली आणि काचेपाशी येऊन टाळ्या वाजवल्या. साहेब खालून ओरडत होते, पण वरून साहेब केवढे, तर मुंगीएवढे. आणि आम्ही खालून केवढे, तेही तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवसापासून आजपर्यंत हा माणूस एक दिवस म्हणून खाली राहिलेला नाही. विचारा त्याला."

दोघा नव्यांनी टाकीकडे बघितलं. लिफ्टवाल्यानंही बघितलं. मी बघितलं नाही, मी कपाच्या तळाची चहापत्ती मोजत होतो.

टाकी दोराकडे बघत होता. गुंता केव्हाच सुटला होता. त्यानं दोराचं एक टोक उचललं, मनगटाभोवती गुंडाळलं, रोज गुंडाळतो तसं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला:

"खोटं आहे, काडी. पाळणा हललाच नाही. मी उतरलो. हे शेपूट तेव्हापासून माझ्याच हातात आहे."